रेशन बंद केल्याने पट भरणार नाही

सोलापूरच्या विडी कामगारांच्या आणि ऊसतोड कुटुंबांच्या मुलांविषयी एक मत सध्या बरेच फिरते आहे: शाळा, पुस्तके, जेवण सारे फुकट असूनही ही मुले सतत गैरहजर राहतात, कारण आईवडिलांना शिक्षणाची किंमत नाही, अशांचे रेशन बंद करावे.

पुस्तके आणि दुपारचे जेवण मिळते ते आठवीपर्यंत. मोफत शिक्षणाचा 2009 चा कायदाही 6 ते 14 या वयापुरताच आहे, आणि मूल कमाईला हातभार लावू लागते ते नेमके त्याच सुमारास. त्याआधीही शाळा फुकट पडतेच असे नाही. विडीची मजुरी हजारावर मिळते; आकडा भरला नाही, तर थोरल्या मुलीला विड्यांची तोंडे बंद करायला किंवा धाकट्याला सांभाळायला घरी बसवले जाते, कारण तिने शाळेत घालवलेला दिवस घराच्या मजुरीतून कापला जातो.

‘किंमत नाही’ हा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेले जोडपे दिवाळीच्या सुमारास निघते आणि गळीत हंगाम संपेपर्यंत, साधारण पाच महिने, फडाजवळच्या कोपीत राहते. मागे आजी-आजोबा नसतील आणि हंगामी वसतिगृहाची सोयही नसेल, तर सात वर्षांचे मूल त्यांनी कोणाच्या भरवशावर ठेवावे? कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे वर्ष किमान 200 दिवसांचे असते. त्यातले 20 दिवस बुडाले तरी इंग्लंड-अमेरिकेत ती चिंताजनक गैरहजेरी धरतात. या मुलाचे तर जवळजवळ निम्मे वर्ष जाते, आणि परत आल्यावर वर्ग इतका पुढे गेलेला असतो की तेथे बसणेच त्याला नकोसे होते.

वर्गाची सरासरी हजेरी 90 टक्के आहे, असे सांगून कोणी निश्चिंत होऊ नये. चाळीस मुलांच्या वर्गात रोज चार गैरहजर असतात. ते रोज वेगळे असतात की तेच चौघे, हे सरासरीत दिसत नाही. प्रत्येक मुलाचे बुडालेले दिवस महिन्याच्या महिन्याला वेगळे मोजले, तरच ते चौघे वेळेवर सापडतील.

राहिला रेशनचा प्रश्न. रेशनचे धान्य थांबले की तेच धान्य बाजारभावाने घ्यावे लागेल, त्यासाठी आईला आणखी विड्या वळाव्या लागतील, आणि त्या वळायला थोरली मुलगी पुन्हा घरीच बसेल.