पाच अँपिअरची गाडी

आठवड्याचे सहा दिवस मी डोंबिवलीहून लोकलला लटकत ऑफिसला जातो आणि सातव्या दिवशी घरी बसून गाडी चालवतो. सहा बाय चारचा प्लायवूड, त्यावर १:८७ मापाचे, साडेसोळा मिलिमीटर गेजचे रूळ, दोन इंजिनं, सात डबे, बुटांच्या खोक्याचा बोगदा. हा पसारा रविवारी सकाळी दिवाणाखालून काढायचा आणि पानं वाढायच्या आत परत कोंबायचा, एवढ्या अटीवर परवानगी आहे.

लागोपाठ तीन रविवार असं झालं, की गाडी बोगद्यात शिरली आणि घरातले लाईट गेले. मिक्सर गप्प, पंखा गप्प. बाथरूममधून मुलगी डोक्याला शिकेकाई फासलेल्या अवस्थेत ओरडली, "बाबा, तुमची गाडी!"

चौथ्या रविवारी हिने पुरावाच काढला. रुळांना वीज देणाऱ्या कंट्रोलरवर छापलं होतं '५ अँपिअर'. भिंतीतल्या सॉकेटवर '६ अँपिअर'.

"म्हणजे सहातले पाच तुमची गाडी खाते. उरलेल्या एकात मी चटणी वाटू?"

मी म्हटलं, "अगं, अँपिअर म्हणजे नग आणि व्होल्ट म्हणजे भाव. पाच जुड्या कोथिंबीर आणि पाच पेट्या हापूस. नग पाचच, पण बिल सारखं येईल का? भिंतीत २३० व्होल्ट, गाडीला १५. पंधरा पंचे पंचाहत्तर वॉट. हॉलमधला जुना पंखा तेवढंच खातो. तेही कंट्रोलर पुरता ताणला तर. माझी दोन इंजिनं मिळून एक अँपिअरसुद्धा ओढत नाहीत. आणि तो गिझर २००० वॉटचा!"

"गिझरने आंघोळ होते. गाडीने काय होतं?"

याला विद्युतशास्त्रात उत्तर नाही. मनात आलं, मी रोज जिच्यात चेंगरतो त्या लोकलच्या टपावर २५,००० व्होल्ट असतात. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, तेव्हासुद्धा १५०० होते. माझी बिचारी पंधरावर धावते आणि बोलणी मात्र पूर्ण दाबाने खाते.

शेवटी प्रात्यक्षिक दाखवायचं ठरवलं. मुलीचा केसांचा आकडा घेतला. "आता मी मुद्दाम शॉर्ट सर्किट करतो. फक्त गाडी थांबेल, घराला पत्ताही लागणार नाही." आकडा दोन्ही रुळांवर आडवा ठेवला. कंट्रोलरचा लाल दिवा लागला, इंजिन जागच्या जागी थांबलं. मी विजयी मुद्रेने वर पाहिलं.

पंखा घरघरत थांबला.

"साबण आहे डोळ्यात!" आतून आवाज आला.

वायरमनला बोलावलं. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बोर्ड उघडला. "साहेब, जादा लोडला पडतो तो एमसीबी पडलाच नाही. ईएलसीबी पडलाय. लोडचा प्रश्न नाही, लीकेज आहे." तीस मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचे शंभरातले तीन भाग, भलत्या वाटेने गळायला लागले की हा खटका पडतो. त्याने मागच्या बाथरूममधल्या गिझरची वायर सोडवली आणि म्हणाला, "आता चालवा." गाडीने बारा फेऱ्या मारल्या. पंखा ढिम्म हलला नाही, म्हणजे हलतच राहिला. गिझरची कॉइल गेली होती. तापली की करंट गळायचा. आणि तो गिझर लागायचा फक्त रविवारी, मुलीच्या न्हाण्याला.

वायरमनने कॉइलचे पैसे घेतले, तेराव्या फेरीला इंजिन स्वतः चालवलं आणि मगच चप्पल घातली.

मी समाधानाने रूळ पुसत होतो. दारात ही शेजारच्या काकूंना सांगत होती, "काय सांगू, यांच्या गाडीपायी चांगला चालता गिझर गेला आमचा."