निपाणीच्या वाचकांना उत्तर : सकाळचं वाचन आणि दारू

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. उत्तर मुद्दाम आज देतोय. रात्री लिहायला बसलो असतो तर तुमच्याच सुरात लिहिलं गेलं असतं.

दारू सोडलेल्यांसाठी रोजचं बायबलवाचन मी इथे देतो. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘दोन पानं वाचून दारू सुटत असती तर दवाखाने कशाला लागले असते? भोळसट लोकांना असल्या नादाला लावण्यापेक्षा एएच्या सभांना पाठवा.’ (एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट.) शिवाय उतारे लांब आहेत, आणि हा धर्मांतराचा डाव आहे, असंही म्हणालात.

उतारे लांब आहेत, मान्य. पहिल्या आठवड्यात हात थरथरत असतात, चार ओळींवरही मन ठरत नाही. पुढच्या महिन्यापासून आखूड करतो.

पण ‘भोळसट’ कुणाला म्हणालात? मला म्हणालात, साहेब. उद्यमबागच्या फाउंड्रीत रात्रपाळी करायचो तेव्हा चोरला घाटातून आलेली गोव्याची स्वस्त बाटली कुणाकडे मिळते हे मला घरच्या पत्त्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. २००७ साली कर्नाटकात अरक बंद झाली तेव्हा बायकोला वाटलं, सुटलो एकदाचे. मी लगेच दुसरी धरली. त्या बाईला विचारा भोळसट कोण ते.

दवाखान्याचं मला सांगू नका. माझा जीव आधी डॉक्टरांनीच वाचवला. खूप पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, माणूस दगावतोसुद्धा. तिथे वचन वाचत बसायचं नसतं. धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं रुग्णालय गाठा, नाहीतर आधी १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन लावा, हे दर महिन्याच्या पहिल्या वाचनावर ठळक लिहिलेलं असतं. ते न वाचताच तुम्ही लिहायला बसलात.

प्रश्न त्यानंतरचा आहे. गोळ्या घेऊन माणूस घरी येतो आणि पहाटे पाचला डोळा उघडतो. पूर्वी त्या वेळेला काय करायचं हे ठरलेलं होतं. आता सगळं घर झोपलेलं, समोर अख्खा दिवस, आणि मनात एकच विचार : जन्मभर न पिता राहायचं कसं? मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, उद्याची चिंता उद्यावर सोडा. हे मोठ्यानं वाचलं की जन्मभराचा हिशोब त्या सकाळीपुरता थांबतो. उद्या पहाटे परत वाचायचं, म्हणून तर ते रोजचं. पुस्तकानं दारू सुटते असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ती वेळ निभावते, एवढंच माझं म्हणणं, आणि ते मी जगून सांगतोय.

आणि एएचं नाव तुम्हीच घेतलंत म्हणून सांगतो. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ यांनी ते काम सुरू केलं तेव्हा दारूपासून दूर राहायच्या त्यांच्या बारा पायऱ्या लिहिलेल्याही नव्हत्या. ती माणसं बायबल घेऊनच बसायची. डोंगरावरचं प्रवचन, याकोबाचं पत्र, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, हा त्यांचा मुख्य आधार. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथानं त्याच वर्षी काढलेली ‘अपर रूम’ ही रोजच्या वाचनाची पुस्तिकाही त्यांच्या हाती असायची. डॉक्टर बॉब तर शस्त्रक्रिया करणारे सर्जन होते. त्यांनाही भोळसट म्हणणार का? ज्या सभांना पाठवा म्हणता त्यांचं मूळ तरी आधी बघा.

धर्मांतराचं म्हणाल तर आमच्या गटात खानापूरकडचे दोघे माळकरी आहेत. वाचनाला बसतात, एकादशीही धरतात. यावर मी आणखी बोलणार नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. मात्र खाली ज्या ताईंनी नवऱ्याबद्दल लिहिलं होतं त्यांना उद्देशून तुम्ही जे वाक्य टाकलंत, ते मी झाकलंय. ते झाकलेलंच राहील.