‘तिशीच्या आत उरका’ म्हणणाऱ्यांना

‘बाईचं सगळं तिशीच्या आत उरकलेलं बरं. तिशीनंतर मूल राहत नाही, वजन सुटतं, हाडं झिजतात, नोकरीची दारं बंद होतात आणि स्थळं यायची थांबतात. आपल्या आज्या-पणज्यांना हे बरोबर कळत होतं.’ खाली हात जोडलेले दोन इमोजी. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुठल्या ना कुठल्या मावशीकडून हा मेसेज कधी ना कधी येतोच. तो कोणत्या भाचीला उद्देशून आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्यावर अंगठा टाकून गप्प बसायचं असतं. मी जरा लांबलचक उत्तर देतेय.

मूल राहत नाही? वयाबरोबर शक्यता कमी होते, हे खरंच आहे. पण तिसाव्या वाढदिवसाला रात्री बाराच्या ठोक्याला काही बंद पडत नाही. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याकडे दहा ते वीस लाख स्त्रीबीजं असतात आणि वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. म्हणजे सगळ्यात मोठी गळती परकर-पोलक्यातच होऊन गेली. तेव्हा कुणी हात जोडले नव्हते. पुढचा उतार हळूहळू, बत्तिसाव्या वर्षाच्या आसपास जाणवणारा आणि सदतिसाव्यानंतर वेग घेणारा. युरोपातल्या जोडप्यांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून दोनदा संबंध ठेवणाऱ्या २७ ते ३४ वयाच्या स्त्रियांपैकी ८६ टक्के वर्षभरात गरोदर राहतात असं दिसलं. ३५ ते ३९ या वयात ८२ टक्के. उपयोगी पडणारा सल्ला द्यायचाच असेल तर डॉक्टरांचा द्या: पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून तपासणीला जा, पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांनी. आणि जोडीने जा. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. मेसेजमध्ये मात्र नवरा नावाचा प्राणी औषधालासुद्धा नाही.

वजन. २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त माणसांची मोजमापं घेऊन केलेला अभ्यास २०२१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. शरीराचं आकारमान लक्षात घेतलं तर चयापचयाचा वेग विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ तेवढाच राहतो. तेव्हा कंबर वाढते ती ऑफिसच्या खुर्चीमुळे, आणि ‘दोनच तर आहेत’ म्हणत पुरणपोळीवर तुपाची वाटी उपडी करणाऱ्या त्याच मावशीमुळे.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर, एका मैत्रिणीच्या तिसाव्याला आम्ही केकवर ‘२९ + जीएसटी’ लिहून आणलं होतं. सुरी हातात घेऊन तिने आधी हिशोब केला, सीए आहे ती. म्हणाली, ‘केकवर आता पाच टक्के. तीस पूर्णांक पंचेचाळीस होतात. वरचं कोण भरणार?’

हाडांचं तर उलटंच आहे. ती साधारण तिशीपर्यंत आपल्या कमाल मजबुतीला पोचतात. झपाट्याने झीज होते ती पाळी गेल्यावर. नाचणीची भाकरी खा, चाला, पुढे चला.

नोकरीची दारं? राज्यसेवेला खुल्या वर्गासाठी वयोमर्यादा ३८ आहे, यूपीएससीला ३२. अंजली भागवत २००२ साली नेमबाजीत जगात पहिल्या क्रमांकावर पोचली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. तिशीनंतर बाईची नोकरी सुटते ती बहुतेकदा पाळणाघर नसल्यामुळे आणि घरी डबा कोण भरणार या प्रश्नामुळे. त्याचा दोष वाढदिवसावर कशाला?

आता आज्या-पणज्या. आनंदीबाई जोशींचं सगळं ‘वेळेवर’ झालं होतं. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, ते मूल थोड्याच दिवसांत गेलं. डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७ साली, बावीस पूर्ण व्हायच्या आत, त्याही गेल्या. त्यांच्याच पिढीतल्या रखमाबाईंनी लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला साफ नकार दिला. कोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं बजावलं, तर तुरुंग चालेल म्हणाल्या. नंतर लंडनला शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, तिसावं लागताना. पुढे कित्येक वर्षं सुरत आणि राजकोटच्या बायकांची बाळंतपणं केली. यातल्या कोणत्या पणजीला बरोबर कळत होतं, ते मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.

राहिली स्थळं. हा एकच मुद्दा अर्धा खरा आहे. विवाह संकेतस्थळांवर कमाल वयाच्या रकान्यात २९ टाकणारी मंडळी खूप, म्हणून बायोडेटावर ‘वय २९ (चालू)’ असं वर्षानुवर्षं चालू राहतं. पण तो रकाना निसर्गाने भरलेला नाही, मुलाच्या आईने भरलेला आहे. आणि पत्रिका बघणारेच सांगतात की अठ्ठाविसाव्यानंतर मंगळ सौम्य होतो. म्हणजे मावशींच्याच शास्त्राप्रमाणे तिशीची मुलगी जास्त सुरक्षित. हे तेवढं मुलाकडच्या ग्रुपवर फॉरवर्ड करा.