मधली शेळी

मी तासगावची. आमच्याकडे माणसाची विचारपूस म्हणजे बाग किती एकर आणि बेदाणा कितीला गेला, एवढीच. चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा हाती लागतो, तोही ऐन हंगामात अवकाळी पाऊस तडमडला नाही तर. त्यामुळे शिऱ्यात मोजून चार बेदाणे घालणाऱ्या बाईकडे मी आयुष्यभर संशयानेच बघत आले आहे.

अशा तोऱ्यात मी ऑक्टोबरात लेकीकडे, बॉस्टनजवळ, जाऊन पोचले. झाडं लाल-पिवळी झालेली, हवेत गारवा, मी खिडकीत शाल पांघरून चहा पितेय, असं सगळं छान चाललेलं असताना ती म्हणाली, "आई, शुक्रवारी ऑफिसात पॉटलक आहे, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ न्यायचा. मी सॅलड करते, तू कुकीज करशील? ड्रायफ्रूट घालून. तुला नानकटाई येतेच की."

नानकटाई मला येते म्हणजे काय, तर लहानपणी आम्ही पीठ, तूप, साखर डब्यात घालून बेकरीत नेऊन द्यायचो आणि संध्याकाळी भाजलेला डबा घेऊन यायचो. नेणं आणि आणणं मला उत्तम येतं. मधलं बेकरीवाला करायचा. पण आई म्हणून मिळालेली पत अशी एका वाक्यात कोण घालवणार? "त्यात काय," म्हटलं मी.

दुकानात गेलो. बेदाण्याच्या डब्यावर लिहिलेलं, कॅलिफोर्निया. द्राक्षाची जात बघितली तर थॉमसन! म्हणजे आमचे सोयरेच की. थॉमसन आमच्याकडे तिकडूनच आली आणि आमची तास-ए-गणेश तिच्यातूनच निवडलेली. आम्ही शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत वाळवतो म्हणून आमचा बेदाणा हिरवट राहतो. त्यांच्याकडे वेलींच्या ओळींमध्ये जमिनीवर कागद पसरून उन्हात टाकायची जुनी रीत, म्हणून त्यांचा काळपट. मी तिथूनच ह्यांना फोन लावला. ह्यांनी ना माझी तब्येत विचारली ना नातवाची. "भाव काय तिकडं?" मी पौंडाचे किलो आणि डॉलरचे रुपये करून सांगितले. बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "तिथंच एखादी खोली बघ."

लेकीचा जीव मात्र क्रॅनबेरीवर. आदल्या रविवारी तिने आम्हाला मुद्दाम शेत दाखवायला नेलं होतं. शेत कसलं, तळंच. पीक तयार झालं की वाफ्यात पाणी सोडतात, फळं झुडपांपासून सोडवतात, आणि फळाच्या पोटात हवेचे चार कप्पे असल्यामुळे ती वर तरंगतात. सगळं पाणी कुंकवासारखं लाल. आमच्याकडे काढणीच्या वेळी बागेत एवढं पाणी दिसलं असतं तर घरात चूल पेटली नसती. एक ताजं फळ मी तोंडात टाकलं. कच्चं करवंद परवडलं. वाळवताना त्यात साखर का मुरवतात ते तेव्हा कळलं.

गुरुवारी संध्याकाळी सॅलड सुरू झालं. केल नावाचा एक जाड, कुरळा पाला असतो. लेकीने तो चिरला, वर तेल-मीठ घातलं आणि दोन्ही हातांनी चोळायला लागली. "मसाज करावा लागतो, आई. नाहीतर चावत नाही." तान्ह्या बाळाला लावावं तसं अंगभर तेल लावून झालं. मग त्यावर सफरचंदाच्या फोडी, भोपळ्याच्या बिया, भाजलेले, अक्रोडासारखे दिसणारे पेकन, क्रॅनबेरी, मेपल सिरप आणि सगळ्यात वर शेळीच्या दुधाचं चीज. मी जरा विचारात पडले. पाला शेळीचा, दूध शेळीचं. फक्त मधली शेळी तेवढी काढून टाकलेली. आम्ही इतकी वर्षं सौद्यातला मधला माणूस काढायचा म्हणतोय, जमलं नाही. इथे एका वाडग्यात जमलं होतं. आणि सांगायला लाज वाटते, पण मी दोनदा घेतलं.

आता कुकीज. रेसिपीत म्हटलेलं, 'एक कप'. त्या घरात कप सहा प्रकारचे; जावई ज्यातून कॉफी पितात तो आमच्याकडे तांब्या म्हणून चालेल. "मापाचे कप ड्रॉवरमध्ये आहेत गं," असं लेक वरच्या मजल्यावरून ओरडेपर्यंत साखर तांब्याने पडली होती. मैदा मग मापाने घातला. बटर नुसतं मऊ करायचं होतं; मी गॅसवर ठेवलं आणि सवयीने त्याचं तूप व्हायच्या बेतात आणलं. पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, असंही लिहिलेलं. मळलेलं शिळं कशाला करायचं? ती ओळ मी गाळली. बेदाणे तेवढे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, निथळून घेतले. ओव्हनमध्ये ते करपून खडे होऊ नयेत म्हणून. तेवढी एकच गोष्ट मी बरोबर केली, आणि ती माझ्या गावाने शिकवलेली होती.

दोन गोळ्यांमध्ये दोन इंच जागा सोडा म्हणे. या लोकांना घरांमध्ये जागा सोडायची सवय असते हे माहीत होतं, पण कुकीजमध्येसुद्धा? मी डब्यात लाडू भरावेत तसे चोवीस गोळे एका ट्रेमध्ये बसवले आणि ओव्हन ३५० वर लावला. तो आकडा फॅरनहाइटचा, म्हणजे आपले १७७, हे मला नंतर सांगण्यात आलं. तोवर मी कुठल्या तयारीत बसले होते ते विचारू नका.

बारा मिनिटांनी दार उघडलं तर चोवीसपैकी एकही कुकी नाही. सगळ्यांनी मिळून एकत्र कुटुंब स्थापन केलेलं. ट्रेएवढी एकच कुकी, कडेला तांबूस, मध्ये बुडबुडे.

नातू धावत आला. काळे ठिपके बघून त्याचे डोळे चमकले आणि एक घास खाऊन विझले. "आज्जी, हे चॉकलेट नाहीये." त्याचं तरी काय चुकलं? चॉकलेट चिप कुकीचं माहेरच मॅसॅच्युसेट्स. १९३०च्या दशकात इथल्याच व्हिटमन गावात रूथ वेकफिल्ड नावाच्या बाईने ती केली आणि १९९७ साली ती राज्याची अधिकृत कुकी झाली. आपल्या राज्याला शेकरू आहे, हरियाल आहे. राज्याची चकली अजून कुणाला सुचलेली नाही. नातवाने बेदाणे वेचून कढीपत्त्यासारखे ताटाच्या कडेला मांडले. ते मी खाल्ले. टाकवतात थोडेच!

रात्री अकराला आम्ही मायलेकी त्या पत्र्याकडे बघत उभ्या. ती रडकुंडीला आलेली. मी सुरी घेतली. गरम आहे तोवर शंकरपाळ्यासारख्या तिरप्या रेघा मारल्या आणि वड्या पाडल्या. उभं आयुष्य बिघडलेल्या पाकाच्या वड्या पाडण्यातच गेलंय.

शुक्रवारी दुपारी लेकीचा ऑफिसातून फोन. सॅलड अर्धं उरलं होतं. वड्या पंधरा मिनिटांत संपल्या होत्या.

"आई, सगळे रेसिपी विचारतायत. काय सांगू?"

"सांग," म्हटलं, "आधी कुकीज करायला घ्यायच्या."