सव्वा महिना फक्त बाळंतिणीलाच?

आज ऑपरेशनला ३९ दिवस झाले. गर्भपिशवी काढली. फायब्रॉइडच्या गाठी होत्या, अंगावरून जाणं थांबेना, हिमोग्लोबिन ७ वर आलं. गाठी मोठ्या म्हणून दुर्बिणीतून जमलं नाही, पोट उघडावं लागलं. एकोणीस वर्षांपूर्वी सिझरच्या वेळी जिथे आडवं चिरलं होतं, तिथेच पुन्हा.

तीच जागा, तेच पोट. पण तेव्हाचं घरी येणं आणि आत्ताचं घरी येणं यात इतका फरक का, हे गेला महिनाभर पडल्या पडल्या डोक्यात घोळतंय.

तेव्हा मिरजेला माहेरी सव्वा महिना होते. कानात कापूस, डोक्याला रुमाल, खाटेखाली शेगडी, रोज सकाळी अळिवाची खीर आणि डिंकाचा लाडू. बाळ सोडलं तर काही उचलायचं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणीतरी हातात आणून द्यायचं. त्यातलं निम्मं शास्त्राला धरून नव्हतं, मान्य. (त्या मे महिन्यात शेगडीनं माझा जीव जायची वेळ आली होती.) पण एक गोष्ट पक्की होती : बाई सव्वा महिना कामाची नाही, हे अख्ख्या घराला माहीत होतं. कुणाला सांगावं लागत नव्हतं.

यावेळी पाचव्या दिवशी डिस्चार्ज. कार्डावर दोन ओळी : ‘विश्रांती. ६ आठवडे जड उचलू नये.’ म्हणजे हिशेब जवळपास तोच, सव्वा महिन्याहून चार दिवस जास्तच. पण ते कार्ड दिलं कुणाच्या हातात? माझ्या. मीच ते वाचायचं, मीच पाळायचं आणि घरातल्यांना पटवायचंही मीच.

नवव्या दिवशी पहिलं वाक्य कानावर आलं, “चेहरा किती छान दिसतोय गं, बरी झालीस की!” भेटायला येणाऱ्यांचं प्रेम खरं असतं, पण ते चार वाजता येतं आणि चहाला थांबतं. मी दोनदा उठून आधण ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या पायांनाच सवय.

गोची अशी की लोकांना दिसते ती कातडी, आणि ती दोन आठवड्यांत मिटते. तिच्याखाली पोटाचे स्नायू धरून ठेवणारा जो चिवट पडदा असतो, तोही चिरून शिवलेला असतो. त्याला पुरती ताकद यायला महिने लागतात. बाहेरचे टाके सुकले म्हणून पाण्यानं भरलेली बादली उचलली की ताण आतल्या शिवणीवर येतो आणि पुढे तिथून आतडं बाहेर डोकावू शकतं. हर्निया म्हणतात तो हाच. आणि ‘जड’ म्हणजे काय, हे बाईच्या भाषेत कुणी सांगत नाही. ओली चादर जड. कणकेचा डबा जड. डाळ-भात लावलेला पाच लिटरचा कुकर जड. सिलिंडर पायानं सरकवणं तर सोडाच.

विश्रांती म्हणजे नुसतं पडून राहणंही नाही. दुसऱ्याच दिवशी सिस्टरनी मला कुशीवर वळवून, हाताचा रेटा देऊन उठवलं आणि वॉर्डात चालवलं, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. घरी मात्र मी पॅसेजमध्ये फेऱ्या मारायला लागले की सासूबाई म्हणायच्या, “कशाला फिरतेस उगीच? बस, एवढा लसूण सोलून दे.”

त्यांनी आंबटही बंद केलं होतं. टाके पिकतात म्हणे. डॉक्टर हसले. जखम भरायला क जीवनसत्त्व लागतं, लिंबू खुशाल खा, डाळी-अंडी वाढवा म्हणाले. टाके पिकतात ते जंतूंमुळे. ताप आला, जागा लाल झाली, पू दिसला किंवा एक पोटरी सुजून दुखायला लागली तर तडक या, ही यादी मात्र त्यांनी दोनदा वदवून घेतली.

नवऱ्यानं स्वयंपाक हातात घेतला, त्याचं कौतुक करायलाच हवं. फक्त पहिल्या आमटीची फोडणी जळली आणि मिरचीचा खकाणा बेडरूमभर झाला. पोट चिरलेल्या माणसाला ठसका लागणं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. पोटाशी उशी गच्च दाबून धरायची आणि मगच खोकायचं. ती उशी अजून माझ्या शेजारी आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की डिस्चार्जच्या वेळी घरातल्यांना समोर बसवा आणि त्यांना सांगा. बाळ झालं की पोटावरच्या छेदाला मान मिळतो. पिशवी काढली की तोच छेद ‘बाईच्या तक्रारी’त जमा. कायद्यातही बाळंतपणाला २०१७ पासून २६ आठवडे रजा आहे, नसबंदीच्या ऑपरेशनला २ आठवडे आहेत. पिशवी काढण्याचं त्यात नावच नाही.

आणि मी तरी पगारी वैद्यकीय रजेवर आहे. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कोयता हातात असलेल्या बाईला ‘जड उचलू नये’ कोण सांगणार?

एवढ्या लांब जायलाच नको. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी परवा माझी उशी बघून म्हणाल्या, “ताई, माझी पण काढलीय की सहा वर्षं झाली. पंधराव्या दिवशी धुण्याला गेले होते.” मग पदर बाजूला करून दाखवलं. खोकलं की टाक्याशेजारी लिंबाएवढा गोळा येतो. दाबला की आत जातो, म्हणून कुणाला दाखवला नाही.

गुरुवारी माझी तपासणी आहे. मावशींना बरोबर घेऊन जातेय. अपॉइंटमेंट दहाची होती, ती साडेअकराची करून घेतली. त्याआधी त्यांची चार घरची भांडी उरकत नाहीत.