पहिले चारही खलिफा 'निवडून' आले होते? जरा थांबा

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. जगातली पहिली लोकशाही मदिनेत होती, पहिले चारही खलिफा (पैगंबरांनंतरचे राज्यकर्ते) लोकांनी निवडून दिले, शूरा (सल्लामसलत) म्हणजे तेव्हाची संसद, साधा माणूससुद्धा खलिफाला भर मशिदीत जाब विचारायचा, आणि घराणेशाही नव्हती. त्याखाली लगेच कोणीतरी लिहितं की छे, ती निव्वळ हुकूमशाही होती. मला दोन्ही पटत नाही, पण शेअर पहिला दावा जास्त होतो म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

लोकांनी निवडून दिले? ६३२ साली पैगंबर गेले त्याच दिवशी अन्सार, म्हणजे मदिनेतले मूळचे मुसलमान, बनू साइदा या कुळाच्या बैठकीच्या जागी जमले, त्यांचा कल त्यांच्यातल्याच साद इब्न उबादा यांच्याकडे होता, ते कळल्यावर पैगंबरांचे मक्केहून आलेले साथी अबू बक्र, उमर आणि अबू उबैदा तिथे पोचले, वादावादी झाली, एक अमीर (नेता) तुमचा एक आमचा असंही सुचवून झालं, आणि शेवटी उमर यांनी अबू बक्र यांचा हात धरून बैअत केली, म्हणजे निष्ठेची शपथ घेतली. पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई अली तिथे नव्हतेच. दुसऱ्या दिवशी मशिदीत सगळ्यांची बैअत झाली, पण तोवर नाव ठरलेलं होतं. ही निवड अचानक, घाईत झाली आणि पुन्हा कोणी सल्लामसलतीशिवाय असं करू नये, हे खुद्द उमर यांनी नंतर सांगितल्याचं बुखारीच्या हदीससंग्रहात आहे.

पुढे ६३४ मध्ये अबू बक्र यांनी काही ज्येष्ठांना विचारून उमर यांचं नाव स्वतःच लिहून ठेवलं. म्हणजे सरळ नेमणूक. ६४४ मध्ये जखमी उमर यांनी सहा जणांची समिती केली, सहाही कुरैशी, म्हणजे पैगंबरांच्याच टोळीतले, आणि खलिफा त्या सहांतलाच व्हायचा. समितीतले अब्दुर्रहमान इब्न औफ मदिनेत लोकांना भेटून मत विचारत फिरले हे खरंय आणि त्या काळात ते मोठंच होतं, पण शेवटचा शब्द त्यांचा एकट्याचा, आणि त्यांनी उस्मान यांना निवडलं. इराक, सीरिया, इजिप्तमधल्या जनतेला कोणी काही विचारलं नाही, आणि तिथे बहुसंख्य अजून मुसलमानही नव्हते.

शूरा म्हणजे संसद हे तर अजिबात नाही. कुराणात सल्लामसलत करा असं आहेच, पण सभासद किती, निवडायचे कसे, खलिफाने सल्ला मानलाच पाहिजे का, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. जकात (धार्मिक कर) नाकारणाऱ्या टोळ्यांशी लढू नका असं आधी उमर यांचंच मत होतं, अबू बक्र यांनी ते ऐकलं नाही आणि लढाई केली. आपल्याकडे अष्टप्रधान होते म्हणून कोणी शिवकाळाला संसदीय राज्य म्हणत नाही, तसंच हे.

जाब विचारता यायचा हा मुद्दा मात्र बराच खरा आहे. कूफावाल्यांच्या तक्रारीवरून उमर यांनी साद इब्न अबी वक्कास यांच्यासारख्या विजयी सेनापतीला सुभेदारीवरून काढलं. खलिफाभोवती अंगरक्षकांचा गराडा नसायचा, उमर यांच्यावर हल्ला मशिदीत नमाज पढवतानाच झाला. म्हणून हुकूमशाही म्हणणाऱ्यांचंही चुकतं, कारण टोळ्यांच्या संमतीशिवाय मदिनेचं राज्य चाललंच नसतं.

पण विचारून पुढे काय? खलिफाने ऐकलं नाही तर त्याला हटवायचं कसं, याचा मार्गच नव्हता, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे जी त्या मेसेजात कधीच नसते. उस्मान यांच्या काळात नातेवाइकांच्या नेमणुकांवरून इजिप्त, कूफा, बसरा इथले लोक मदिनेत येऊन थडकले, पद सोडा म्हणाले, उस्मान यांनी नकार दिला, घराला वेढा पडला आणि ६५६ मध्ये त्यांचा घरातच खून झाला. मग अली खलिफा झाले, त्यांना सीरियाचे सुभेदार मुआविया यांनी मानलं नाही, त्याच वर्षी बसऱ्याजवळ आयेशा, तल्हा आणि झुबैर यांच्याशी 'उंटाची लढाई', ६५७ मध्ये मुआविया यांच्याशी सिफ्फीनची लढाई, ६६१ मध्ये अलींचीही हत्या. चारपैकी तिघे मारले गेले. मुदत आणि पायउतार होण्याची रीत ठरलेली असती तर निदान उस्मान यांच्या वेळचं रक्त टळू शकलं असतं असं मला मनापासून वाटतं.

राहता राहिला घराणेशाही नव्हती हा मुद्दा. पहिल्या चौघांपैकी एकानेही मुलाला वारस नेमलं नाही, उमर यांनी तर मुलगा अब्दुल्लाह याला समितीत फक्त सल्ल्यापुरतं ठेवून खलिफा होण्यापासून मुद्दाम बाजूला काढलं, आणि मुआविया यांनी मुलगा यझीदसाठी बैअत मागितली तेव्हा अलींचे पुत्र हुसैन आणि अब्दुल्लाह इब्न झुबैर यांनी ती दिली नाही. हे मेसेजवाल्यांनी जरूर अभिमानाने सांगावं.