‘सहा दिव्यांना दोन दिवस’: मालवणच्या दुकानातून उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या वायरिंगच्या दुकानाला तुम्ही दिलेला एक ताऱ्याचा रिव्ह्यू भाच्याने मला शनिवारी रात्री दाखवला, मी जेवायला बसलो होतो. पहिली गोष्ट, त्रास झाला त्याबद्दल माफी. तुमच्या कॅम्परमध्ये (आत राहायची सोय असलेल्या गाडीत) सिंकच्या वर प्लायला जे जादा भोक पडलं ते भाच्याने पाडलं. चूक आमची, त्यात वाद नाही.

आता बाकीचं. तुम्ही लिहिलंत : "सहा साधे दिवे बदलायला दोन दिवस, बिल ७,८००. हेच दिवे ऑनलाइन दीडशेला मिळतात. लावले ते पण पिवळे, आणि पंखा लावला की एक दिवा लुकलुकतो. वर होमस्टेचा भुर्दंड. टुरिस्ट दिसला की लुटतात." पैशांचं आणि पिवळ्याचं खाली सांगतो. पण ते "दोन दिवस" माझ्या डोक्यातून जात नाहीत. हे दुकान वडिलांनी १९८९ साली टाकलं. रिक्षा आणि ट्रॉलरच्या वायरिंगवर आमची दोन घरं चालतात. आता तुमच्यासारख्या गाड्या यायला लागल्या आहेत, आणि ते लोक दुकानात पाय टाकण्याआधी मोबाईलवर हेच वाचतात.

तुमची गाडी शुक्रवारी ११:२० ला लागली. जुन्या ट्रॅव्हलरची कॅम्पर, तुम्ही सेकंडहँड घेतलेली. आत चार घुमटी दिवे दहा-दहा वॅटच्या बल्बचे, आणि आठ वॅटच्या दोन ट्यूब. तुम्ही म्हणालात, "फक्त दिवे बदला, वायरिंगला हात नको." बरं. पहिला घुमट उघडला तर होल्डर गंजून हातात आला. वायर आतून हिरवी पडलेली. जोड नुसते पिळून वर टेप, आणि टेपचा डिंक वितळून चिकट झालेला. ही सगळी लाइन १५ अँपियरच्या फ्यूजवर, आणि वायर म्हणाल तर स्पीकरला लावतात तेवढी बारीक. कुठे शॉर्ट झाला असता तर फ्यूजआधी वायर जळाली असती, आणि त्याच्याखाली तुमची मुलं झोपतात. मी तुम्हाला बोलावून दाखवलं, तुम्ही फोटोही काढलात. रिव्ह्यूत तो फोटो दिसला नाही.

मग तुम्ही डिकीतून स्वतःचे सहा दिवे काढलेत, ऑनलाइन घेतलेले, दीडशेवाले. मी म्हटलं, हे टिकायचे नाहीत. तुम्ही म्हणालात, "लावा तर खरं." लावले. पहिले दोन पेटेचनात, कारण तुमच्या आधीच्या मालकाने अर्ध्या गाडीत लाल-काळी वायर उलटी जोडलेली. जुन्या बल्बला त्याने फरक पडत नव्हता, तो कसाही पेटतो. एलईडीला प्लस-मायनस बरोबर लागतं. ते शोधण्यात तासभर गेला. नंतर इंजिन चालू केलं. दहा मिनिटांत एका दिव्याला करपट वास आला आणि दुसरा मिणमिणायला लागला. तेव्हा मल्टिमीटर १४.३ व्होल्ट दाखवत होता, आठवतं? बॅटरीवर १२ लिहिलेलं असलं तरी इंजिनवर फिरणारा अल्टरनेटर ती चार्ज करत असताना व्होल्टेज चौदाच्या वर जातं, सोलरचंही तसंच. एलईडीला थोडं व्होल्टेज वाढलं तरी करंट कितीतरी वाढतो, आणि दीडशेच्या दिव्यात त्याला आवरायला नुसता एक रेझिस्टर असतो. मी जे लावले त्यात ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट, आहे, १० ते ३० व्होल्टपर्यंत काही द्या, करंट तेवढाच राहतो. म्हणून ते ६५० चे. दोन्ही एकच आहेत हे तुम्ही लिहिलंत, ते खरं नाही.

हे होईपर्यंत दीड वाजला. तुम्हाला भूक लागली होती, साहजिक आहे. पण साहेब, तुम्ही जेवायला जाताना गाडीच घेऊन गेलात! दिवे लटकलेले, छताची पट्टी उघडी. मी म्हटलं, रिक्षा सांगतो. तुम्ही म्हणालात, "तासाभरात येतो." आलात ५:४० ला, आणि तारकर्लीची निम्मी वाळू गाडीत. झाडून काढली आमच्या पोराने. मधल्या वेळात मी मोकळा बसलो नव्हतो, भाच्याला बाइकवरून कुडाळला पिटाळून दिवे आणि फ्यूजबॉक्स आणवला. पण गाडीशिवाय दिवे लावायचे कुठे?

५:४० पासून ८:३० पर्यंत काम केलं, त्यात अर्धा तास लाइट गेलेली, तेव्हा डोक्याला टॉर्च बांधून. जुन्या जोडांवर नवे दिवे टांगून साडेसहालाच मोकळा होऊ शकलो असतो. पण खाऱ्या हवेत साधी तांब्याची वायर उघडी राहिली की वर्षा-दोन वर्षांत आतून सडते, हे ट्रॉलरवर रोज बघतो. म्हणून कलई केलेली वायर ओढली, प्रत्येक जोडाला लग (धातूची टोपी) दाबून वर स्लीव्ह (नळीचं आवरण) चढवली, आणि दिव्यांना वेगळा ३ अँपियरचा फ्यूज दिला. शनिवारी आठला दुकान उघडलं, एरवी साडेनऊला उघडतो. १०:५० ला गाडी तयार. तुम्ही स्कूबा करून आलात एकला.

आता बेरीज करा. शुक्रवारी सकाळचे दोन तास दहा मिनिटं, संध्याकाळचे दोन तास पन्नास, शनिवारचे दोन तास पन्नास. सात तास पन्नास मिनिटं, एक चहा धरून. याला दोन दिवस म्हणतात का? कॅलेंडरवर म्हणत असतील. मग दोन दिवस तुमची गाडी आमच्याकडे होती, की दोन दिवस तुम्ही मालवणात होतात?

होमस्टेचं मात्र मला खरंच लागलं. मी त्यावर विचार केला. शुक्रवारी संध्याकाळी मी म्हटलं होतं, "फाल्या सकाळी देतंय." तुम्ही मान डोलावलीत. नंतर बायको म्हणाली, पुण्याच्या माणसाला फाल्या काय समजणार? आमच्यात फाल्या म्हणजे उद्या. तुम्हाला काय वाटलं देव जाणे, पण साडेआठला तुम्ही बॅगा न काढता गाडीत बसायला आलात तेव्हा मला कळायला हवं होतं. तेवढी माझी चूक. तरी आमच्या माडीवर झोपा म्हणून आईने सांगितलं होतं, तुम्ही नको म्हणालात. सकाळी मुलांनी घावणे खाल्ले, तेही बिलात नाहीत. हे लिहायचं नव्हतं, पण "लुटतात" वाचल्यावर लिहावं लागतं.

बिल तुमच्याकडे आहेच : दिवे ३,९००, वायर ९००, फ्यूजबॉक्स ८५०, लग आणि स्लीव्ह ३५०, मजुरी १,८००. कुडाळच्या फेरीचं पेट्रोल धरलेलं नाही.

पिवळ्याबद्दल. वहिनींना मी दोन्ही दिवे लावून दाखवले होते, ६,५०० केल्विनचा पांढरा आणि ३,००० चा पिवळसर. पांढऱ्यात हॉस्पिटलसारखं वाटतं म्हणून त्यांनीच पिवळसर निवडला. तुम्ही तेव्हा फोनवर होतात. घरातल्या घरात ठरवून सांगा, पांढरे हवे असतील तर बदलून देतो. पण संध्याकाळी दार उघडं ठेवून किनाऱ्याला गाडी लावाल तेव्हा पांढऱ्यावर किडे जास्त येतील, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आणि जे कुणी विचारलं नाही तेही सांगतो. तुमचे जुने सहा दिवे मिळून ५६ वॅट खात होते, आताचे १८. तुमची १०० एएचची (अँपियर-तासाची) बॅटरी निम्मी वापरली तर आधी साधारण साडेदहा तास चालायची, आता तेहतीस तास. निम्मीच धरली, कारण साधी लेड-ॲसिड बॅटरी वरचेवर निम्म्याखाली उतरवली की लवकर खराब होते.

लुकलुकणारा दिवा बहुतेक बेडच्या डोक्याशी, बरोबर? पंखा आणि तो दिवा एकाच अर्थिंगवर (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या मायनसवर) आहेत, आणि तो जोड पंख्याच्या जुन्या बोल्टवर घेतलेला आहे. तुम्ही पंख्याला हात लावू नका म्हणालात म्हणून तो बोल्ट मी खोलला नाही. गाडी नेताना पंखा लावून बघा म्हटलं होतं, तुम्हाला आंबोलीला पोचायची घाई होती. बोल्ट खोलून खालचा गंज पॉलिश पेपरने घासा आणि परत आवळा, दहा मिनिटांचं काम आहे. पुण्यात कुणीही करेल, त्याचे जे घेतील ते मला कळवा, मी पाठवतो.

यापुढे आम्ही अंदाज आधी कागदावर लिहून देणार आहोत, वेळेसकट, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाशी बोलताना "उद्या" म्हणणार आहोत. ड्रिल आता भाच्याच्या हातात देत नाही, निदान प्लायवर तरी. बोर्डही लावायचा विचार आहे, बघू.

भोकावर बसवायला पांढरी टोपी मिळाली आहे. तुमचे चार दीडशेवाले दिवेही अजून इथे ड्रॉवरमध्ये आहेत, आणि दोन जळलेले तेही ठेवलेत. दुकानाच्या नंबरवर पत्ता पाठवा, सगळं एकत्र कुरिअर करतो, खर्च माझा.